एक काढ, एक बसव: घरच्या शेडमध्ये जुनी पद्मिनी पूर्ण करताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना येणारे 'अं' आणि 'म्हणजे' गाळलेत, बाकी बरंचसं तसंच आहे.

बारामती-इंदापूर पट्ट्यात कुठल्याही गावात जा, एक तरी गाडी अशी सापडते जी 'करायला घेतलीय'. शेडच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, बॉनेटवर कोंबड्या. कुणाची अॅम्बेसेडर, कुणाची जीप, कुणाची फियाट. मालकाला विचारलं तर तो म्हणतो, 'इंजिन एक नंबर आहे, फक्त थोडं काम राहिलंय.' हे थोडं काम दहा-बारा वर्षं राहिलेलं असतं. जुनी गाडी कशी सुरू करायची याचे व्हिडिओ भरपूर आहेत. मला आज दुसऱ्या प्रश्नावर बोलायचंय: लोक मध्येच का थांबतात, आणि ज्यांची गाडी पूर्ण होते ते नेमकं वेगळं काय करतात?

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, घर लासुर्ण्याजवळ. शेडमधली गाडी आजोबांची, १९७८ची प्रीमियर पद्मिनी. २००९पासून उभी होती. काम सुरू केल्यापासून ती पुन्हा रस्त्यावर यायला तीन वर्षं आणि वर थोडे महिने लागले. बहुतेक रविवारी मी आणि माझे मामा. मामा रिटायर्ड फिटर आहेत, आणि यातलं बहुतेक शहाणपण त्यांचं आहे.

आधी थोडा इतिहास, कारण ही गाडी आमच्या भागाला परकी नाही. बारामतीहून इंदापूरकडे जाताना जंक्शन नावाचा स्टॉप लागतो, हो, गावाचं नावच जंक्शन. तिथून आत वळलं की वालचंदनगर. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात इथल्या माळावर साखर कारखाना आणि वसाहत उभी केली. याच माणसाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि मुंबईत कुर्ल्याला गाड्या बनू लागल्या. सुरुवातीला डॉज आणि प्लिमथ, मग फियाट. इटलीतली फियाट ११००डी आपल्याकडे १९६४च्या सुमारास 'डिलाइट' म्हणून आली, पुढे 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७०च्या दशकात 'पद्मिनी'. नावं बदलली, गाडी जवळपास तीच राहिली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला, पुढे एकसलग सीट, ताकद मागच्या चाकांना. २०००च्या आसपास उत्पादन थांबलं. वालचंदनगरचा कारखाना आज इस्रोच्या रॉकेटचे भाग बनवतो. म्हणून आमच्याकडे लेथवर हात बसलेली माणसं गावोगाव सापडतात. जुन्या गाडीच्या बाबतीत ही मोठी श्रीमंती आहे.

आता कामाकडे. मामांनी पहिल्या दिवशी मला पान्याला हात लावू दिला नाही. म्हणाले, 'आधी कागद दाखव.'

हे कंटाळवाणं वाटेल, पण गाड्या अडकण्याचं पहिलं कारण इथेच असतं. आरसी आजोबांच्या नावावर. ते गेले. म्हणजे आधी वारसाच्या नावावर गाडी करायची, त्यासाठी फॉर्म ३१ आणि वारसांची संमती. आमच्या घरात संमती म्हणजे तीन आत्यांच्या सह्या. त्यातल्या एक वडोदऱ्याला, आणि त्यांना आधी गाडी नव्हे तर मी लग्न कधी करतोय हे जाणून घ्यायचं होतं. मग नोंदणीचं नूतनीकरण, फॉर्म २५. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, नंतर दर ५ वर्षांनी नवी करावी लागते. मध्ये खंड पडला की उशिराचा दंड, शिवाय पर्यावरण कर. शेवटी गाडी आरटीओत प्रत्यक्ष दाखवावी लागते. आमच्यासाठी बारामती, एमएच-४२.

काहीजण म्हणतात, 'व्हिंटेज'मध्ये टाक. २०२१ साली केंद्राने त्याचे वेगळे नियम केले, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी लागते, आणि ती रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली वगैरेंपुरतीच बाहेर काढता येते. आमची तेवढी जुनी नव्हती, आणि आम्हाला ती बाजाराला न्यायची होती. त्यामुळे साधा रस्ता.

कागद आधी का, तर चासी नंबरसाठी. आरटीओत त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतात. बॉनेटखालचा गंज घासता घासता ग्राइंडर तिथून फिरला तर गाडी कितीही सुंदर झाली तरी अडकली. मामांनी पहिल्याच दिवशी नंबरावर ग्रीस लावून वर चिकटपट्टी मारली. पेंटर येईपर्यंत ती तिथेच होती.

आता मूळ मुद्दा. भिगवणला माझा एक मित्र आहे, त्याने माझ्या दोन वर्षं आधी अॅम्बेसेडर करायला घेतली. जोश दांडगा. दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवसांत सगळी गाडी मोकळी केली: इंजिन खाली, दारं खाली, काचा, सीटा, वायरिंग, सस्पेन्शन. इन्स्टाग्रामवर रोज रील. अकराव्या दिवशी तो कामावर गेला. आज ती गाडी सात गोण्या आणि एक सांगाडा या रूपात आहे. कुठला बोल्ट कुठला, त्यालाच आठवत नाही. सांगाड्याला चाकं नाहीत, म्हणून तो हलवता येत नाही, म्हणून शेड अडलेलं, म्हणून घरात रोज भांडण.

यात त्याचा आळस नाही. मोकळं करणं फसवं असतं. तासाभरात दार निघतं आणि प्रगती डोळ्यांना दिसते. तेच दार परत बसवायचं तर बिजागरी झिजलेली, पिन लेथवर करून आणायची, रबर मिळत नाही, दार लागतं पण अर्धा इंच खाली लटकतं. काढायला एक तास, बसवायला चार रविवार. सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला ही गोष्ट चांगलीच माहीत आहे. बेल लॅब्समधल्या टॉम कारगिल यांच्या नावाने एक विनोदी नियम सांगतात: पहिल्या ९० टक्के कोडला ९० टक्के वेळ लागतो, उरलेल्या १० टक्क्यांना आणखी ९० टक्के. बेरीज १८० होते, तोच विनोद. गाडीचं गणित याहून वाईट, कारण इथे मोकळं करण्यात गेलेला वेळ कामात धरलाच जात नाही.

म्हणून मामांचा नियम होता, 'एक काढ, एक बसव.' म्हणजे एक भाग उघडायचा, दुरुस्त करायचा, परत जागेवर लावायचा, मगच दुसऱ्याला हात घालायचा. मागचा डावा ब्रेक चालू असेल तर उजवा तसाच बंद राहील. फायदा दुहेरी. एक, डावीकडची स्प्रिंग कशी बसते हे विसरलं तर उजवीकडे नमुना हजर. दोन, काम मध्येच महिनाभर थांबलं तरी गाडी गाडीच राहते, भंगार होत नाही. प्रोजेक्ट संपवायचा तर तो कधीही थांबवता आला पाहिजे, हे आधी मला उलटं वाटायचं. पण नोकरी, लग्नसराई, आजारपण, ऊसतोड, काही ना काही मध्ये येणारच. थांबल्यावर परत सुरू करायला किती त्रास पडतो, यावर ती गाडी पूर्ण होणार की नाही हे ठरतं.

यासाठी आमची पद्धत अगदी साधी. काढण्याआधी मोबाइलवर तीन फोटो: लांबून, जवळून आणि बाजूने. बोल्ट निघाला की शक्य असेल तिथे भाग काढल्यावर तोच बोल्ट त्याच भोकात हाताने दोन आटे फिरवून ठेवायचा. नसेल जमत तर प्लॅस्टिकची पिशवी, आत चिठ्ठी. वायरीला सुटण्याआधी चिकटपट्टीवर नंबर. आणि रविवारचा शेवटचा अर्धा तास कामाचा नाही. त्यात जागा झाडायची आणि वहीत एकच ओळ लिहायची: पुढच्या वेळी पहिली गोष्ट काय. 'ब्रेक बघणे' असं नाही. 'मागच्या उजव्या ड्रमचा स्क्रू डिझेल टाकून ठेवलाय, तो काढणे' असं. आठवडाभर स्क्रीनसमोर बसून डोकं शिणलेलं असतं. शेडमध्ये गेल्यावर 'आता कुठून सुरू करू' हा प्रश्न पडला की माणूस चहा प्यायला जातो आणि परत येत नाही. तयार ओळ असली की हात आपोआप चालतात.

कामाचा क्रम काय असावा? बहुतेकांना आधी रंग हवा असतो. मामांनी रंग सगळ्यात शेवटी ठेवला. पहिलं काम चाकं, ब्रेक आणि स्टिअरिंग. कारण वडिलांना कांदा ठेवायला शेड हवं होतं. पप्पांचं म्हणणं स्पष्ट होतं: 'नऊ क्विंटल लोखंड ठेवलंयस, भंगारवाला किलोवर घेतोय, देऊन टाक.' वजनाचा अंदाज त्यांनी बरोबर केला होता, गाडी साधारण तेवढीच भरते. पण ढकलता येणारी गाडी कांद्याच्या दिवसांत बाहेर काढून ताडपत्रीखाली ठेवता येते. आमचं निम्मं भांडण तिथेच मिटलं. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आणि इतकी वर्षं उभी राहिल्यावर आतले व्हील सिलिंडर आवळलेले असतात. रबर किट सगळं नवं घ्यायचं, होज नवे घ्यायचे, इथे काटकसर नाही. आणि ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क लावा.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो. लोक घाबरतात ते इंजिनाला, पण तेच सगळ्यात सोपं. प्लग काढून भोकांत डिझेल आणि ऑइल सोडायचं, आठवडाभर मुरू द्यायचं, मग क्रँकला पाना लावून हाताने हळू फिरवायचं. ढकलून किंवा ट्रॅक्टरने ओढून चालू करायचा मोह टाळायचा. अडकलेली रिंग तिथेच तुटते. आमचं तिसऱ्या रविवारी फिरलं. पेट्रोलची टाकी मात्र नीट धुऊन घ्या. जुनं पेट्रोल सुकून लाखेसारखं चिकटतं आणि कार्बोरेटरची बारीक भोकं बुजवतं. टाकीला वेल्डिंग घरी अजिबात नाही, आत वाफ राहते आणि जीव जातो.

एक गंमत सांगायलाच हवी. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल बऱ्याच प्रमाणात उसातून येतं. आमच्या घराच्या चारी बाजूंना ऊस. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं, हवेतलं पाणी ओढून घेतं आणि टाकी आतून गंजवतं. म्हणजे आमचाच ऊस आमच्याच गाडीचा पाइप खातोय. उपाय सोपा आहे: इथेनॉलला टिकणारा होज, पेट्रोल पंपाचा नवा डायफ्रॅम, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल साठवून ठेवायचं नाही.

खरी लढाई पत्र्याची. आणि लोक सोडून देतात ते इथेच, म्हणून इथे थोडं थांबतो.

पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडी आणि तळ मिळून एकच पेटी, तीच सगळं वजन पेलते. दाराखाली लांबलचक पोकळ पट्टी असते, तिला सिल म्हणतात. पाणी आत जातं, चिखल साठतो, आणि ती आतून सडते. बाहेरून रंग चांगला दिसतो, स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार. आमच्या दोन्ही सिल गेलेल्या, ड्रायव्हरच्या पायाखालचा तळ गेलेला, डिकीत स्टेपनीची जागा गेलेली. काही गॅरेजवाले यावर पुट्टी भरून रंग मारून देतात. एक पावसाळा निघतो.

सिल कापायची तर लक्षात घ्या, तुम्ही घराचा खांब कापताय. आधी दाराच्या चौकटीत आडव्या लोखंडी पट्ट्या तात्पुरत्या टाके मारून लावायच्या, म्हणजे पेटी मध्ये वाकणार नाही. गाडी अशी टेकवायची की वजन सस्पेन्शनच्या जागीच राहील. जॅकवर विसंबायचं नाही, खाली घोड्या लावायच्या. दाराच्या भोवतीची फट चार जागी मोजून वहीत लिहायची. मग एक बाजू कापायची, पूर्ण करायची, दार लावून पाहायचं. नंतरच दुसरी. इथेही एक काढ, एक बसव.

पत्रा साधारण एक मिलिमीटरचा. शेतावर सगळ्यांकडे असतं ते कांडीचं वेल्डिंग यावर चालत नाही, भोक पडतं. सीओटू वेल्डिंग लागतं. तेही सलग ओढायचं नाही. इथे एक टाका, मग एक वीत लांब दुसरा, मग परत मधला, आणि मध्ये थंड होऊ द्यायचं. सलग ओढलं की उष्णतेने पत्रा लाटेसारखा होतो. एका सिलला आमचे नऊ रविवार गेले. त्यातले दोन नुसते वाट पाहण्यात, कारण संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं आणि मशीन नुसतं तडतडतं. शेवटी आम्ही वेल्डिंग सकाळी सातला हलवलं आणि फिटिंग दुपारी. नऊ रविवार, आणि लांबून बघणाऱ्याला गाडीत काहीही फरक दिसत नाही. शेजारचे विचारायचे, 'अजून तिथंच का?' याच टप्प्यावर मन खचतं, कारण काम होतंय पण दिसत नाही. मी तेव्हा वहीत मागे जाऊन टाके मोजायचो. हास्यास्पद वाटेल, पण मोजता येणारी एकच गोष्ट तेव्हा हातात होती.

दुसरा धोका पावसाळा. उघडा घासलेला पत्रा जूनमध्ये एका रात्रीत तांबूस होतो. साधा प्रायमर पाणी शोषतो, त्यावर विसंबून गाडी ठेवली तर गंज खालून येतो. एपॉक्सी प्रायमर ओल अडवतो, म्हणून पत्रा पूर्ण झाला की त्याच दिवशी तो मारायचा. जून ते सप्टेंबर बाहेरचं काम बंद आणि घरातलं चालू: कार्बोरेटर जेवणाच्या टेबलावर, डॅशबोर्ड कॉटखाली, वायरिंग ओसरीवर. जुनं वायरिंग जमिनीवर पसरून त्याच लांबीचं, त्याच रंगाचं नवं बनवलं, फ्यूज थोडे जास्त टाकले. पाऊस हा सुट्टीचा काळ मानला की ऑक्टोबरमध्ये परत सुरुवात होत नाही.

सुटे भाग मिळण्याचं काय, हा प्रश्न दर वेळी येतो. इतकी वर्षं मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे पद्मिनीचे भाग स्वस्त आणि मुबलक होते. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हापासून तो झरा आटतोय. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारी हँडल, दिव्यांच्या काचा, कधी मीटरही सापडतात, पण नशीब लागतं. हवी ती वस्तू दिसली की तिची पाळी यायची असली तरी घेऊन ठेवा. बिजागरीच्या पिना, बुश, झिजलेले शाफ्ट यांसाठी आपल्याकडचे टर्नर आहेतच. नमुना द्या, माप घेऊन करून देतात.

इंजिन पहिल्यांदा नीट चाललं तेव्हा गाडीला रंग नव्हता, सीट नव्हती, मी उलट्या क्रेटवर बसलो होतो. मामांनी ते मुद्दाम रंगाआधी ठेवलं होतं. रंगावर खर्च केल्यावर इंजिन उतरवावं लागलं तर रंगाला ओरखडे. आणि दुसरं कारण त्यांनी नंतर सांगितलं: 'मधल्या काळात एकदा तरी आवाज ऐकायला पाहिजे, नाहीतर घरचे सोडतात आणि मग आपणही.' पप्पा शेडच्या दारात येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी कांद्यासाठी त्यांनी शेजारच्यांची जागा ठरवली होती.

रंगाचं काम आम्ही बाहेर दिलं, ते घरी धूळमुक्त जागेशिवाय होत नाही. खर्च सगळ्या इंजिनकामाच्या वर गेला, एवढंच सांगतो.

बारामतीला तपासणीला नेली तेव्हा दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक, चासी नंबर, एवढं पाहिलं गेलं. छाप पहिल्या झटक्यात स्पष्ट आली. परत येताना भवानीनगरजवळ थांबून आम्ही होज तपासले, ठिबक नव्हती. सध्या डावी मागची काच अर्ध्यातच अडकते, पेट्रोलचा काटा कायम पाव टाकी दाखवतो, आणि मागच्या सीटचं कापड अजून शिंप्याकडे आहे. वहीत पुढची ओळ तयार आहे: 'डाव्या मागच्या दाराचं आतलं पॅनल काढणे, चार स्क्रू, दोन क्लिप.'

पुढच्या भागात कार्बोरेटर उघडून दाखवतो. तुमच्या शेडमध्ये कुठली गाडी आहे आणि ती कुठल्या टप्प्यावर अडकलीय ते व्हॉइस नोटने पाठवा. भिगवणच्या मित्राने त्या सात गोण्या उघडायचं ठरवलंय. त्याच्याकडे मामांना घेऊन जायचंय.